पिवळा धोतरा ओळखायचा कसा: रोपापासून बियांपर्यंत

मराठवाड्यातल्या जायकवाडी, माजलगाव किंवा येलदरी धरणाचं पाणी मागे सरकू लागलं की उघड्या पडलेल्या गाळावर हिरवळ उगवते. तिच्यात एक निळसर, काटेरी रोप असतं. पुढे त्याला रेशमी कापडासारखी पिवळीधम्मक फुलं येतात. कॅनॉलच्या कडेला, चारी झिरपते तिथे, गोदावरी-सिंदफणेच्या वाळूत, गव्हाच्या वाफ्याच्या टोकाला, सगळीकडे ते दिसतं. हा पिवळा धोतरा. कुणी काटेधोतरा म्हणतं, कुणी फिरंगी धोतरा, कुणी बिलायत. ही नावंच सांगतात की झाड इथलं नाही. ते मूळ मेक्सिको आणि त्या भागातलं. कार्ल लिनियसने १७५३ साली त्याला ‘आर्जेमोन मेक्सिकाना’ असं नाव दिलं. नावात धोतरा असला तरी ते धोतऱ्याच्या कुळातलं नाही, अफूच्या कुळातलं आहे. बोंड काटेरी असतं, एवढ्यावरून त्याला धोतरा म्हणतात.

नवख्याला वाटतं, फूल आलं की ओळखू. पण या झाडाचा धोका फुलात नाही. तो कोवळ्या पानात आहे, कारण ते करडीच्या भाजीसारखं दिसू शकतं. आणि बियांत आहे, कारण त्या मोहरीत मिसळतात. म्हणून ओळख दोन्ही टोकांकडून पक्की करायची.

काय काय जवळ हवं

- दहापट मोठं दाखवणारं हातभिंग. बियांसाठी त्याच्याशिवाय भागत नाही.
- जाड हातमोजे. चामड्याचे उत्तम, पातळ रबरी हातमोज्यांतून काटे आरपार जातात.
- खुरपं, लहान पट्टी, पांढरा कोरा कागद.
- जुनी वर्तमानपत्रं आणि दोन सपाट फळ्या, नमुना वाळवायचा असेल तर.
- वही आणि मोबाइल.

कागदपत्रं लागत नाहीत. फक्त धरणाच्या किंवा कॅनॉलच्या हद्दीतून झाडं उपटून न्यायची असतील तर तिथल्या कर्मचाऱ्याला आधी विचारा. गाळपेर जमीन, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली गाळाची जमीन, कुणाला तरी कसायला दिलेली असते, त्या शेतकऱ्यालाही सांगा. कॅनॉलचं आवर्तन सुरू असताना, म्हणजे पाणी सोडलेलं असताना, काठावर वाकून झाडं काढू नका.

१. आधी जागा आणि महिना पाहा

पिवळा धोतरा पाण्यात उभा राहत नाही. पाणी ओसरल्यावर मागे जी ओल राहते, तिच्यावर तो येतो. सोटमूळ खोल जात असल्यामुळे पुढे वरची माती भेगाळली तरी तो हिरवाच राहतो. एप्रिलमध्ये भेगाळलेल्या काळ्या जमिनीत तो ताजातवाना दिसला तर गोंधळू नका. त्याची सुरुवात ओलीतच झालेली असते.

आपल्याकडे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोपं दिसू लागतात. थंडीत ती जमिनीलगत पसरतात, मग मधून खोड वर येतं. फुलांचा खरा बहर थंडीच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत. जिथे ओल टिकते, कॅनॉलच्या गळतीखाली किंवा उकिरड्याच्या कडेला, तिथे एखादं झाड अवेळीही फुललेलं सापडतं. तेव्हा महिना हा फक्त इशारा समजा, पुरावा नव्हे.

२. रोप: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

करडीची पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते. विरळणी करताना उपटलेली कोवळी रोपं भाजीसाठी घरी येतात. नेमक्या त्याच दिवसांत त्याच वावरात पिवळ्या धोतऱ्याची रोपंही तळहाताएवढी झालेली असतात. घाईत मूठभर उपटताना दोन-चार त्यात सहज येतात. कोवळे काटे मऊ असतात, त्यामुळे हाताला टोचून कळेलच असं नाही. म्हणून रोप एकेक करून पाहायचं.

पानाची कड बघा. करडीचं पान एकसंध, भाल्याच्या पात्यासारखं, कडेला फार तर बारीक दाते. पिवळ्या धोतऱ्याचं पान दोन्ही बाजूंनी खोल कापलेलं असतं, जणू कुणी कात्रीने खाचा पाडल्यात, आणि खाचांमधल्या प्रत्येक टोकाला काटा.

रंग बघा. करडी स्वच्छ हिरवी. पिवळ्या धोतऱ्यावर निळसर-राखाडी झाक असते, बोटाने पुसली तर मेणचट पूड थोडी निघते.

मग शिरा. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही: पानाच्या वरच्या बाजूला मधली शीर आणि तिच्या फांद्यांच्या दोन्ही कडांनी पांढरे पट्टे असतात, संगमरवरावरच्या नक्षीसारखे. करडीत असे पट्टे नसतात. पण नुकत्याच उगवलेल्या रोपाच्या पहिल्या एक-दोन पानांवर ते पुसट असू शकतात. फक्त शिरांवर विसंबून ‘हा धोतरा नाही’ असं ठरवू नका.

अगदीच लहान रोप असेल तर सगळ्यात खालची दोन दलं, म्हणजे बी उगवताना आधी येणारी पानांची जोडी, बघा. पिवळ्या धोतऱ्याची अरुंद, गवताच्या पात्यासारखी लांबट. करडीची रुंद आणि जाडसर.

भाजी मंडईतून किंवा आठवडी बाजारातून जुडी करून आणली असेल तर जुडी सोडून पानं पसरा. एकही खाचेदार, पांढऱ्या शिरांचं पान दिसलं तर पुढची पायरी त्या प्रत्येक संशयित रोपावर करा. चव घेऊन ओळखण्याचा प्रयत्न करू नका.

३. चीक: मोडा, टिपा, बघा

हातमोजा घाला. पानाची मधली शीर किंवा खोड मोडा. पिवळा चीक आला तर झाड पिवळा धोतराच असण्याची शक्यता खूप मोठी. मराठवाड्याच्या शेतात काटेरी पान आणि पिवळा चीक या दोन गोष्टी एकत्र असलेलं दुसरं सर्रास दिसणारं तण नाही.

कोवळ्या रोपात चीक फिकट आणि थोडा असतो. उघड्या डोळ्यांना तो पाण्यासारखा वाटून फसगत होते. म्हणून मोडलेलं टोक पांढऱ्या कागदावर टेकवा आणि क्षणभर दाबून धरा. पिवळा डाग उमटतो. पानात नाही दिसला तर मूळ आणि खोड जुळतात तिथे मोडून बघा. उलट बाजूने, एप्रिल-मेमधलं वाळत आलेलं झाड मोडलं तर चीक मिळणारही नाही. तेव्हा बोंडाकडे वळा.

चीक दुधासारखा पांढरा आला तर ते वेगळं झाड. म्हातारा आणि पाथरी या दोन तणांना पांढरा चीक असतो, फुलंही पिवळी, आणि दोघंही ओलसर वाफ्यात येतात. म्हाताऱ्याच्या पानालाही खाचा आणि टोचरे दाते असतात. चिकाचा रंग पाहिला की वाद मिटतो.

हा चीक डोळ्यांत घालण्याची जुनी पद्धत काही गावांत अजून सांगितली जाते. कृपा करून तसं करू नका, कुणाला करू देऊ नका. त्यात तीव्र अल्कलॉइड्स आहेत. हाताला लागला तर साबणाने धुवा आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका. ‘स्वर्णक्षीरी’ हे संस्कृत नाव चिकटल्यामुळे अनेकांना हे प्राचीन औषध वाटतं. पण अमेरिका खंडातून आलेलं झाड आपल्या प्राचीन संहितांत असणार कसं? तिथली स्वर्णक्षीरी वेगळी वनस्पती असली पाहिजे.

४. कळी आणि फूल

कळी फांदीच्या टोकाला सरळ उभी, गोलसर. तिच्या माथ्यावर बहुधा तीन लहान शिंगं दिसतात. कळी झाकणाऱ्या प्रत्येक हिरव्या निदलाचं टोक शिंगासारखं पुढे येऊन काट्यात संपतं, ती ही शिंगं. फूल उमललं की निदलं गळून पडतात. फुलाखाली हिरवा पेला शोधत बसलात तर सापडणार नाही. फुलाला अगदी चिकटून असतात ती एक-दोन छोटी काटेरी पानं.

पाकळ्या मोजा. साधारणपणे सहा: तीन आत, तीन बाहेर. पातळ, चकाकत्या, नुकत्या उलगडलेल्या झिरझिरीत कागदासारख्या चुरगळलेल्या. पूर्ण उमललेलं फूल अडीच ते पाच सेंटिमीटर, कधी त्याहून थोडं मोठं. आत पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका, आणि त्याच्या बरोबर मधोमध गडद लाल रंगाचा, चार ते सहा खाचांचा कुक्षीचा (स्त्रीकेसराच्या टोकाचा) ठिपका. फोटो काढताना या लाल ठिपक्यावर फोकस करा. दूरून काढलेल्या पिवळ्या फुलाच्या फोटोवरून कुणीही खात्रीने सांगू शकत नाही.

फूल खुडून घरी नेऊन बघू, असं करू नका. पाकळ्या वाटेतच गळतात. मोजणी आणि फोटो जागेवरच उरका.

फूल साईच्या रंगाचं, अगदी फिकट पिवळं असेल आणि कळी गोल नसून लांबट असेल, तर ते याचंच भावंड असू शकतं: आर्जेमोन ओक्रोल्यूका. तेही मेक्सिकोकडचंच, आणि भारतात आलेलं आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने वागणूक एकच, पण नोंद करताना दोघांना एकाच नावाखाली घालू नका.

५. बोंड

लांबट, अंड्याच्या आकाराचं, अडीच ते साडेचार सेंटिमीटर, अंगभर काटे. पिकलं की टोकाकडून चार ते सहा फाकांत उघडतं, बाकीचं बंदच राहतं. वाऱ्याने झाड हललं की त्या उघड्या तोंडातून बी मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसं सांडतं. खऱ्या धोतऱ्याचं बोंड गोल असतं, त्याच्या पानाला काटे नसतात आणि फूल कर्ण्यासारखं असतं, त्यामुळे जवळून पाहिल्यावर गोंधळ राहत नाही.

६. बी: घरात पोचणारा धोका

मोहरी आणि पिवळा धोतरा, दोघांचं बी दीड-दोन मिलिमीटरचं, गोल, काळपट. दोघं पिकतातही आगेमागे. आकार सारखा असल्यामुळे चाळणी त्यांना वेगळं करत नाही. सुपावरही भरवसा ठेवता येत नाही. खळ्यावर पोचलेली भेसळ निवडणं जवळपास अशक्य, म्हणून मोहरी काढण्याआधी वावरातून एक फेरी मारून काटेरी झाडं बाहेर काढणं हाच खरा उपाय. करडीच्या किंवा गव्हाच्या कडेने मोहरीची ओळ टाकणाऱ्यांनी हे विशेष पाळावं. ओळ लहान असते म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

सुटी राई विकत घेत असाल तर अशी तपासा:

चमचाभर राई पांढऱ्या ताटलीत एक थर होईल अशी पसरा. उन्हात किंवा चांगल्या उजेडात भिंगाखाली बघा. मोहरीचा दाणा नितळ, गुळगुळीत दिसतो. पिवळ्या धोतऱ्याच्या दाण्यावर खोल, ठसठशीत जाळी असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आणि एका बाजूने उठलेली कड जाऊन तिचं बारीक टोक झालेलं असतं. इथे एक सापळा आहे: चांगल्या भिंगातून मोहरीवरही अतिशय बारीक जाळी दिसते. ‘जाळी दिसली म्हणजे धोतरा’ असा निष्कर्ष काढू नका. जाळी किती खोल आणि टोक आहे का, हे दोन्ही बघा.

मग संशयित दाणे वेगळे काढून चमच्याच्या पाठीने चिरडा. मोहरी आतून पिवळी निघते. पिवळा धोतरा आतून पांढरा. चिरडलेल्या मोहरीवर थेंबभर पाणी टाकलं तर नाकाला झोंबणारा वास येतो; धोतऱ्याला तो नसतो. पोत्यातली राई असेल तर वरची एकच मूठ तपासून थांबू नका. वरून, मधून आणि तळातून असे तीन वेगळे नमुने घ्या.

हे इतकं काटेकोर का, तेही सांगायला हवं. या बियांच्या तेलात सँग्विनारिन नावाचं विष असतं. ते मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं की ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ हा अंगावर सूज आणणारा आजार होतो. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने साठहून अधिक माणसं दगावली. आपल्याकडे मोहरीचं तेल स्वयंपाकात कमी, पण घाण्यावर स्वतःची मोहरी काढून आणणारी घरं आहेत, आणि लोणच्यासाठी हे तेल मुद्दाम आणलं जातं.

लक्षणं अशी: दोन्ही पायांवर सूज, बोटाने दाबलं की खळगा पडतो, त्वचा लालसर आणि दुखरी, जुलाब, पुढे दम लागणं, कधी डोळ्यांवरचा दाब वाढून दिसणं अंधूक होणं. एकाच घरातल्या, एकाच तेलाचं खाणाऱ्या अनेकांना एकदम असं झालं तर तेलावर संशय घ्या. तेल लगेच बंद करा, पण फेकू नका. स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत नमुना ठेवा, पाकीट किंवा डबा आणि खरेदीचं बिल सांभाळा, आणि रुग्णाला सरकारी रुग्णालयात नेऊन डॉक्टरांना तेलाबद्दल आपणहून सांगा. सूज पाहून आधी हृदय आणि मूत्रपिंडाचा विचार होतो, तेलाची गोष्ट कुणी विचारेलच असं नाही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. नायट्रिक ॲसिड टाकून तेलाची परीक्षा करण्याचे सल्ले फिरतात. ते ॲसिड कातडी जाळतं, ते काम प्रयोगशाळेवर सोडा.

७. आसपासची इतर झाडं, थोडक्यात

*पाणलवंग:* पिवळं फूल, ओढ्याकाठी, खरोखरच चिखलात. पाकळ्या चार, अंगावर एकही काटा नाही, फळ लवंगेसारखं लांब.

*उटकटारा:* पान काटेरी आणि खाचेदार, पण खालून कापसासारखं पांढरं, आणि फुलांचा गोल काटेरी चेंडू. तो कोरड्या माळावरचा.

*भुईरिंगणी:* जमिनीवर पसरलेली, काटे सरळ, पिवळट आणि पानाच्या मधोमधही. फूल जांभळं, पिवळं असतं ते फळ.

*फुलावर आलेली करडी:* फूल म्हणजे असंख्य दोऱ्यांचा गुच्छ, वयाबरोबर केशरी होत जाणारा. सुट्या रुंद पाकळ्या नसतात.

मोबाइलवरचं ॲप वापरायला हरकत नाही, पण फक्त पानांच्या फोटोवरून ते पांढऱ्या शिरांच्या एखाद्या भलत्याच काटेरी झाडाचं नाव सुचवू शकतं. ॲपला चार फोटो द्या: अख्खं झाड, पानाची वरची बाजू, फूल वरून, बोंड. शक्य असेल तर मोडलेल्या शिरेवरचा चीकही.

८. नोंद आणि नमुना

वहीत तारीख, गाव, तालुका, जागेचा प्रकार (गाळपेर, कॅनॉलची कड, नदीची वाळू, पिकातलं), झाडांची अंदाजे संख्या, उंची आणि अवस्था लिहा. उंची साधारण तीस सेंटिमीटर ते एक मीटर भरते. चिकाचा आणि पाकळ्यांचा रंग शब्दांत लिहून ठेवा, कारण नमुना वाळल्यावर दोन्ही जातात.

नमुना दाबायचा तर फूल आणि बोंड दोन्ही असलेली फांदी घ्या. बोंड उभं चिरून अर्धं ठेवा, नाहीतर कागद नीट बसत नाही आणि काटे पलीकडच्या नमुन्यात घुसतात. वर्तमानपत्र पहिले चार-पाच दिवस रोज बदला. पान मांसल नसलं तरी चिकामुळे बुरशी धरते. शंका उरली तर जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही आहेच. जाताना ताजी फांदी ओल्या कापडात गुंडाळून न्या आणि फोटो सोबत ठेवा.

९. ओळख पटली, आता काढायचं कधी

फूल येण्याआधी, जमिनीत ओल असताना. तेव्हा खुरप्याने सोटमुळासकट अलगद येतं. एका बोंडात शेकड्यांनी बी असू शकतं आणि जमिनीत पडलेलं बी वर्षानुवर्षं उगवण्याची ताकद राखून असतं, म्हणून एक हंगाम चुकला तर पुढचे कित्येक हंगाम खुरपणी वाढते.

बोंडं लागलेली झाडं उपटून बांधावर टाकण्याची सवय सोडा. वाळता वाळता बोंडं तिथेच उघडतात. पाटाच्या पाण्यात तर मुळीच टाकू नका, पाणी बी खालच्या वावरात नेऊन पोचवतं. बोंडं आधी कात्रीने कापून जाड पोत्यात भरा, मग झाड उपटा. ही बोंडं शेणखताच्या खड्ड्यात नकोत. जनावरं काट्यांमुळे उभ्या झाडाला तोंड लावत नाहीत, पण चाऱ्याच्या पेंढीत वाळून मिसळलेलं झाड त्यांना वेगळं काढता येत नाही. तेव्हा ओल्या कडेचं गवत कापताना पेंढी बांधण्याआधी एकदा झटकून बघा. पहिल्या फेरीनंतर तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा जा. मागाहून उगवलेली रोपं तेव्हा तळहाताएवढी झालेली असतील, आणि शिरांवरचे पांढरे पट्टे नुकते उठून दिसू लागलेले असतील.